पद्मिनीच्या रसिक मालकांस जाहीर आभारपत्र

सन्माननीय मालकहो,

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा आता आमच्या धंद्याचं कसं व्हायचं, असा घोर लागला होता. टॅक्सीवाले गेले, पण तुम्ही आहात आणि तुमचा हात सढळ आहे. ग्रिलच्या क्रोमवर, सीटच्या लेदरवर हजारो रुपये उधळून रेडिएटरमध्ये मात्र तुम्ही नळाचं पाणी ओतता. कूलंट म्हणजे नव्या गाड्यांची थेरं! तुमच्या या तत्त्वनिष्ठेवर आमच्या पोरांच्या शाळेच्या फिया भरल्या जातात.

तुमच्या पद्मिनीच्या इंजिनाचा तो १०८९ सीसीचा बिडाचा ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. नंतर वाळू काढून उरलेल्या भोकांत पत्र्याच्या वाट्या ठोकून बसवतात. त्याच डमी, म्हणजे कोअर प्लग. थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून त्या असतात, असं एका मालकांनी मला ठासून सांगितलं. राहतात गिरगावात. मी मान डोलावली.

साधं पाणी या पातळ पत्र्याला आतून खातं. बाहेरचा रंग शाबूत, आत चाळण. मग ब्लॉकवर तांबूस ओघळ दिसतो आणि तुम्ही रेडिएटरमध्ये हळद टाकता. गळती थोडे दिवस थांबतेही. पण हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच निष्ठेने बुजवते. इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, बिलावर एक शून्य चढतं. शतशः धन्यवाद.

काहीजण डमी घरीच बदलायला घेतात. त्यांचे उपकार कसे फेडावे? कडेवर पंच ठेवून ठोकलं की डमी भोकात आडवी फिरते, मग पक्कडीने ओढून काढता येते. तुम्ही घाव असा घालता की ती थेट ब्लॉकच्या पोटात. नंतर भोकाचा गंज पॉलिश पेपरने काढावा, सीलंटचा पातळसा हात द्यावा, बरोबर मापाचा सॉकेट लावून नवी डमी सरळ ठोकावी. तुम्ही गंजावरच बोटभर सिलिकॉन थापता. त्याचा आत गेलेला गोळा सुटून पाण्याची वाट अडवतो. पितळेची डमी गंजत नाही, किमतीलाही किरकोळ, पण ती कुणी मागत नाही. मीही आठवण करून देत नाही.

एकच विनंती. एक डमी गेली की सगळ्याच बदला, असं कुणी सुचवलं तर मनावर घेऊ नका. सगळ्या एकाच वयाच्या, एकच पाणी प्यायलेल्या. तरी एकेक करून गळू द्या. इंजिनच्या मागच्या अंगाला एखादी असेल, तर तिथे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. ती शक्यतो गणपतीला गावी निघाल्यावर घाटात सुटावी. टोइंगची गाडी माझ्या मेव्हण्याची आहे.

आपला ऋणी,
एक मिस्त्री