मचाणावरचं बिऱ्हाड

बुद्धपौर्णिमा जवळ आली की शहरांतल्या दुकानांत मातकट रंगाच्या टोप्यांना भाव येतो. ताडोबाच्या पाणवठ्यावर, मचाणावर एक रात्र काढायची असते. वनखात्याचं मागणं माफक: भडक कपडे नकोत, अत्तर नको, पाणी-शिदोरी सोबत आणि तोंड बंद. यातलं शेवटचं बॅगेत भरता येत नाही, म्हणून बाकी सगळं भरतात. फुगवायची उशी, पॉवरबँक, डास पळवणारं (आणि चितळही पळवणारं) मलम, शिवाय उघडताना अर्धं रान जागं करतील अशी वेफर्सची पाकिटं.

पूर्वी या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायचे; ते मोजणीचं ओझं खरं तर आता उरलेलं नाही. वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप आहेत; म्हणून तर या रात्रीला आता 'निसर्गानुभव' म्हणतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंश ओलांडतो, तेव्हा पहिला अनुभव घामाचाच.

मूल, सिंदेवाहीपासून गडचिरोलीपर्यंत धानाचा शेतकरीही मचाणावर रात्री काढतो. रानडुकरं बांधीत शिरू नयेत म्हणून जागल. सामान म्हणाल तर काठी, घोंगडी, टॉर्च आणि बडवायला एक रिकामा डबा. बुकिंग नाही, शुल्क नाही, सोबतीला गाईड नाही. पाहुण्याला वाघ दिसला तर फोटो गावभर फिरतो. याला वाघ भेटला तर वनखात्याची माणसं सकाळी येतात, पंचनामा करायला.