बाजूच्या खोलीतलं गाणं

१९८२ सालची गोष्ट. एका कॅसेटवर तीन मिनिटं सत्तावन्न सेकंदांची जागा मोकळी राहत होती. गेडी ली, अ‍ॅलेक्स लाइफसन आणि नील पीर्ट, म्हणजे तिघांचा मिळून टोरांटोचा ‘रश’ हा बँड, ‘सिग्नल्स’ नावाचा अल्बम पुरा करत आले होते. कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या भरायच्या तर आणखी एक गाणं बसतं, हे त्यांचे निर्माते टेरी ब्राऊन यांच्या लक्षात आलं. मग रिकाम्या टेपचं माप घेऊन गाणं बेतलं गेलं, आणि त्याचं कामापुरतं नावही पडलं ‘प्रोजेक्ट ३:५७’. हीच ती मंडळी, ज्यांना सहा वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपनीने जरा आटोपशीर, चारचौघांना झेपेल असं काही करा म्हणून बजावलं होतं. उत्तरादाखल त्यांनी ‘ट्वेंटी वन ट्वेल्व्ह’ ही तबकडीची अख्खी बाजू व्यापणारी, वीस मिनिटांची, दूरच्या भविष्यातल्या आकाशगंगेची कहाणी कंपनीच्या टेबलावर ठेवली. आता टेप भरायची म्हणून झटपट केलेलं ‘न्यू वर्ल्ड मॅन’ मात्र अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकविसाव्या क्रमांकावर जाऊन बसलं. तिथल्या पहिल्या चाळिसांत पोचलेलं रशचं हे एकमेव गाणं. आकाशगंगेला ते जमलं नव्हतं.

प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांबद्दल मला जी माया वाटते, तिचं मूळ अशाच गोष्टींत असावं. साठच्या दशकाच्या अखेरीला इंग्लंडातल्या काही पोरांना एकाएकी वाटू लागलं की रॉक अँड रोलने आता निदान पदवीधर तरी व्हायला हवं. मग गाण्यांना सर्ग आले, उपसर्ग आले, पुराणपुरुष आले, मेलोट्रॉन नावाचं कपाटाएवढं वाद्य आलं. रिक वेकमन पायघोळ चमचमता झगा पांघरून कीबोर्डांच्या तटबंदीत उभा राहू लागला, आणि १९७५ साली तर त्याने लंडनच्या वेम्बलीत राजा आर्थरची कथा बर्फावर, घसरपट्टीचे बूट घातलेल्या नर्तकांसह सादर केली. ‘जेथ्रो टल’ या बँडने १९७२ मध्ये ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढलं. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि वेष्टन म्हणून एक अख्खं खोटं वर्तमानपत्र! गाण्याचे शब्द जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या बालकवीचे, अशी बतावणी. आदल्या अल्बमला समीक्षकांनी नको इतकं गंभीरपणे घेतलं म्हणून बँडच्या इयन अँडरसनने केलेली ही थट्टा होती. थट्टाच ती, पण चाळीस मिनिटांहून लांब, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. गाण्याच्या ऐन मध्यावर मात्र उठून तबकडी उलटावी लागे. समाधी लागलेल्या माणसाला कुणीतरी ‘जरा पाय वर घ्या, केर काढायचाय’ म्हणावं, तसा तो क्षण.

या संगीताचं मर्म माझ्या मावशीने फार पूर्वीच ओळखलं होतं. ती आमच्याकडे राहायला आली होती आणि मी पिंक फ्लॉइडचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ लावलं होतं. त्यात पहिला शब्द यायला आठ मिनिटांच्या वर लागतात. तोवर एक गहिरा, न हलणारा स्वर धुक्यासारखा पसरत राहतो आणि गिटार त्यातून चार-चार सुरांनी चाचपडत वाट काढते. मावशी बाजूच्या खोलीत वाल सोलत बसली होती. बराच वेळ तिने सोसलं. मग तिथूनच विचारलं, “काय रे, यांचा तंबोरा लागला नाही का अजून?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. उलट तिने पंडितांचं वाद्य जुळवणं जन्मभर ऐकलं होतं आणि जुळवण्याचा वेळ गाण्यात धरायचा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९७१ साली बांगलादेशासाठी मैफल झाली, तेव्हा तिथल्या रॉकप्रेमी जनतेने रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्या वाद्यं जुळवण्यालाच कडकडून टाळ्या दिल्या होत्या. पंडितजींनी हसून आभार मानले आणि जुळवणं इतकं आवडलं तर वादनही आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. त्या श्रोत्यांना जुळवणं म्हणजे गाणं वाटलं, माझ्या मावशीला गाणं म्हणजे जुळवणं वाटलं. जगाचा हिशोब असा कुठे ना कुठे मिटतो.

तर अशा या ऐसपैस लोकांना रेडिओच्या दारातून आत जायचं होतं. ते दार तीन-साडेतीन मिनिटांचं. मापही कुणी रसिकाने ठरवलेलं नव्हे; लाखेच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तेवढंच मावे. पुढे छोट्या, पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्या आल्या, माप तेच राहिलं. आपल्याकडे या कात्रीशी ओळख फार आधीची. गौहर जान यांनी १९०२ साली कोलकात्यात गायलं, तेव्हा तासाभराच्या ऐवजाची तीन मिनिटं करून शेवटी स्वतःचं नावही इंग्रजीत खणखणीत सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत घडायच्या होत्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळायला हवं होतं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर मैफलीत एकेका रागाची उकल किती निवांत करत, याच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. पण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि सप्टेंबरातच केसरबाई गेल्या. परग्रहावर कुणी असलंच, तर त्याला आपल्या संगीताची ओळख रेडिओच्या मापानेच होणार.

‘येस’ या बँडच्या ‘राउंडअबाउट’चं असंच झालं. १९७१ साली गाडीने स्कॉटलंडमधून अ‍ॅबर्डीनहून ग्लासगोकडे येताना वाटेत इतके वाहतुकीचे गोल चौक लागले की जॉन अँडरसन आणि स्टीव्ह हाऊ यांनी त्यावरच गाणं रचायला घेतलं. ढगांतून डोंगर वर येतायत, खाली तळी आहेत आणि गाडी आपली गोल गोल फिरतेय. गाण्याची सुरुवात म्हणजे उलटी वाजवलेली टेप आहे. पियानोचा आघात, पण शेवटाकडून सुरू झालेला. म्हणून तो विरत जाण्याऐवजी लांबून फुगत, चढत येतो, आणि अगदी कानाशी येऊन फुटणार तोच गिटारची एक नाजूक तार टिंग करते. मूळ गाणं साडेआठ मिनिटांचं. अमेरिकेतल्या रेडिओसाठी त्याचं साडेतीन मिनिटांचं गाणं करण्यात आलं. ते काम ज्याने केलं त्या अनामिक माणसाचा मी पुष्कळदा विचार करतो. हातात पातं, समोर टेप, आणि पाच मिनिटं जमिनीवर. त्याने चहा घेतला असेल का मध्ये? ती पाच मिनिटं त्याने केराच्या टोपलीत टाकली असतील की खिशात घालून घरी नेली असतील? गाणं मात्र चाललं, १९७२ साली तेराव्या क्रमांकापर्यंत.

तेरा या आकड्याचं या मंडळींशी काय साटंलोटं आहे कळत नाही. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ अमेरिकेत तेरावं. पीटर गॅब्रिएल ‘जेनेसिस’ हा बँड सोडून निघाला आणि बाथ शहराजवळच्या एका टेकडीवर ‘सॉल्सबरी हिल’ लिहिलं, ते ब्रिटनमध्ये तेरावं. रशचं ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ही तिथे तेरावंच. जणू पहिल्या बारांत बसणं त्यांना कमीपणाचं वाटावं आणि चौदावं येणं परवडू नये.

यातल्या ‘मनी’ आणि ‘सॉल्सबरी हिल’ यांची आणखी एक गंमत आहे. दोन्ही सात मात्रांत चालतात. पाश्चात्त्य रेडिओवर ही केवढी नवलाई! चारावर पाय आपटणाऱ्या जनतेचा पाय सातव्या मात्रेनंतर हवेत लटकतो. मला मात्र ही गाणी पहिल्यांदा ऐकताना काहीच खटकलं नाही. आपण लहानपणापासून सात मात्रांच्या रूपक तालातली भावगीतं ऐकत वाढलो, रूपक मोजत कोण बसतं? ‘मनी’ची सुरुवात आठवा: नाणी, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी, पुन्हा नाणी. रॉजर वॉटर्सने घरामागच्या खोपटात, बायको कुंभारकामाची माती ज्यात कालवायची त्या भांड्यात नाणी टाकून तो खणखणाट टेप केला. मग सात आवाजांचे सात तुकडे फूटपट्टीने मोजून सारखे कापले, जोडले आणि त्याचा फेरा केला. तालाची ही अशी इंचांत मोजणी बघून आमच्या तबलजींना भोवळ आली असती. पुढे गिटारचा एकल तुकडा येतो तिथे गाणं हळूच चार मात्रांवर उतरतं. डेव्हिड गिल्मोरलाही मोकळं वाजवायला सपाट रस्ता बरा वाटला असावा. मी त्याला दोष देत नाही.

पण खरी गंमत कात्रीच्या पलीकडची आहे. कापून छोटी केलेली गाणी एकवेळ सोडा. या मंडळींची जी गाणी रेडिओने डोक्यावर घेतली, त्यांतली कितीतरी त्यांच्या हातून सहज, दुसरं काही करताना घडलेली आहेत. इमर्सन, लेक अँड पामर यांचा १९७० सालचा पहिला अल्बम घ्या. त्यात बार्टोक आहे, यानाचेक आहे, पाइप ऑर्गन आहे. सगळं झाल्यावर थोडी जागा उरली. ग्रेग लेकने सांगितलं, माझ्याकडे एक गाणं आहे, बारा वर्षांचा असताना आईने गिटार घेऊन दिली तेव्हा केलेलं. नुकत्याच शिकलेल्या चार कॉर्ड्स, आणि एका भाग्यवान माणसाची गोष्ट, जो शेवटी युद्धात मरतो. ‘लकी मॅन’. उरलेल्या पोळ्यांना फोडणी द्यावी तसं ते केलं गेलं, आणि घरोघर अनुभव आहे की पाहुणे पक्वान्न सोडून तेच मागून खातात. कीथ इमर्सनच्या हाती तेव्हा मूग सिंथेसायझर हे यंत्र नवंच आलेलं. गाण्याच्या शेवटी त्यावर त्याने काहीतरी वाजवून पाहिलं, बोटं चालतायत का बघावं तसं. पलीकडे टेप चालू होती. इमर्सनला तो सराव वाटला होता, पुन्हा नीट वाजवू म्हणाला. लेकला तो हवा होता तसाच. तोच राहिला. खालून वर झेपावणारा तो लांब, डुलता सूर पुढे पन्नास वर्षं या बँडची ओळख होऊन बसला. अवघड, बोटं मोडणाऱ्या रचना इमर्सनने शेकड्याने वाजवल्या. २०१६ साली मार्चमध्ये तो गेला, डिसेंबरात लेक गेला. तेव्हाही अनेकांना आधी आठवलं ते हेच, बारा वर्षांच्या मुलाचं गाणं आणि त्याच्या शेपटाला लागलेला सराव.

कॅन्सास बँडच्या केरी लिव्हग्रेनची हकिगत तर याहून लोभस. हा गृहस्थ लांबलचक, वळणावळणाच्या, व्हायोलिनसह रॉकच्या रचना करणारा. गिटारच्या तारा बोटांनी छेडायचं तंत्र शिकायचं म्हणून त्याने एक पाठ बसवला होता आणि तो घरात घोटत बसला होता. बायकोच्या कानावर ते पडलं. ती म्हणाली, छान आहे की हे, शब्द का नाही घालत याला? त्याला ते पटेना. हे आपल्या बँडचं नव्हेच. शेवटी त्याने मित्रांना संकोचत ऐकवलं, आणि ते ऐकून मित्रांनी त्याला सोडलंच नाही. ‘डस्ट इन द विंड’मध्ये ढोल नाही, ताशा नाही, गिटार, आवाज आणि मधे एक हळवं व्हायोलिन. १९७८ साली ते अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेलं. तेराचा उंबरठा ओलांडायला पाठाची उजळणी कामी आली. त्या बाईंना अल्बमवर कुणी श्रेय दिल्याचं मला आढळलं नाही.

रेडिओ ऐकणारा म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा बाजूच्या खोलीतला माणूस. हात कामात, लक्ष अर्धं, आणि कान उघडे कारण कानांना झाकण नसतं. तो तुमच्या सर्गांसाठी बसलेला नाही, जेराल्ड बोस्टॉकचं वर्तमानपत्र त्याने वाचलेलं नाही. तो भाजी चिरताना हात थांबवतो तेवढंच त्याचं मत. आमच्यासारखे लोक, जे आरामखुर्चीत डोळे मिटून अठरा मिनिटांची रचना ‘समजून’ घेतात, ते या मताला जरा घाबरूनच असतात.

परवा ‘क्लोज टू द एज’ लावलं होतं. येसचंच, १९७२ चं, अठरा मिनिटांचं. पाखरं किलबिलली, पाणी खळखळलं, मग सगळ्या वाद्यांनी एकदम झिम्मड घातली. मध्ये सगळं निवळतं आणि लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमधला ऑर्गन घुमतो, तो वेकमनने खरोखरच तिथे जाऊन वाजवला होता. गाणं संपलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, ते मधे देवळात गेल्यासारखं वाजतं ना, तेवढंच परत लावा.”

“त्याला आधीचं सगळं ऐकावं लागतं,” मी म्हटलं. “तो रचनेचा भाग आहे.”

“मग तुम्ही ऐका आधीचं,” ती म्हणाली, “आणि तिथे आलं की मला हाक मारा.”