पाऊस रांगेत आहे

भालकीत पाऊस पडला की मला तो सर्वांत आधी आईच्या फोनवरून कळतो, मग वर्तमानपत्रातून, आणि सगळ्यांत शेवटी माझ्या स्वतःच्या मॉडेलमधून. मी कलबुर्गीत बसून हवामानाच्या गणितावर संशोधन करते, म्हणजे पाऊस कुठे आणि किती पडेल हे संगणकाला विचारते. संगणकाला उत्तर येत नाही असं नाही. तो फक्त म्हणतो, रांगेत या.

घरची शेती भालकी तालुक्यात. सोयाबीन आणि तूर. सप्टेंबर सरत आला की सोयाबीन काढणीला येतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस दबा धरून बसलेला असतो. अशा दिवसांत अण्णांचा फोन ठरलेला.

"काय म्हनालालंय गं तुझं मशीन? सोयाबीन काढावं का थांबावं?"

"अण्णा, जॉब अजून पेंडिंग आहे."

"म्हंजे पाऊस पेंडिंग हाय का?"

त्यांना मी एकदा सविस्तर सांगून पाहिलं, की माझं काम बहुतेक वेळा होऊन गेलेल्या पावसावर असतं. गेल्या वर्षीची अतिवृष्टी मॉडेलला पुन्हा पाडायला लावायची आणि ती खऱ्यासारखी पडते का ते बघायचं. अण्णा शांतपणे म्हणाले, "गेल्या सालचा पाऊस मलाच ठाव हाय की. मला इचार." त्यानंतर त्यांनी कर्नाटक सरकारच्या 'वरुणमित्र' हेल्पलाइनला फोन लावला, कन्नडमध्ये दोन मिनिटं बोलले आणि सोयाबीन काढणाऱ्या बायकांना उद्या या म्हणून निरोप धाडला. पोरीला डॉक्टरेटपर्यंत शिकवलेला बाप पावसाचं बाहेर विचारतो, हे दुःख सांगायचं कुणाला?

आता या रांगेचं मूळ. आमचं मॉडेल म्हणजे डब्ल्यूआरएफ. अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेनं इतरांच्या साथीनं बनवलेलं आणि जगाला फुकट दिलेलं. ते जमिनीवर चौकोन आखतं, प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचतं आणि वारा, बाष्प, उष्णता यांचा हिशोब पावलापावलानं पुढे नेतं. नऊ किलोमीटरचा चौकोन असेल तर वेळेचं एक पाऊल साधारण 54 सेकंदांचं ठेवतात. तेवढ्यानं भागत नाही म्हणून चौकोन तीन किलोमीटरचे केले, की त्यांची संख्या नऊपट होते आणि पाऊलही 18 सेकंदांवर येतं. म्हणजे एकूण काम 27 पट. भालकी आणि औराद वेगवेगळे दिसावेत एवढ्या माफक इच्छेची ही किंमत.

असली कामं घरच्या लॅपटॉपवर होत नाहीत. त्यासाठी पुण्याकडे बघायचं. तिथे सीडॅकनं 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला. हवामानाची आयआयटीएम ही संस्थाही पुण्यातच. तिथे 2018 साली प्रत्यूष आला, 4 पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला चाळीस कोटी कोटी आकडेमोडी करणारा. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या जोडीला 11.77 पेटाफ्लॉप्सचा अर्क बसला आणि मे 2025 मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनांची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. देशाचा रोजचा अंदाज अशा यंत्रांवर निघतो आणि त्याला ठरल्या वेळी जागा मिळते. मंत्र्यांची गाडी यायच्या वेळी रस्ता मोकळा असतोच. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतं ते आपापल्या संस्थेतलं छोटं क्लस्टर. मोजकी यंत्रं, त्यांच्यावर डोळा ठेवून असलेले भौतिकीवाले, रसायनवाले, एक दोन जनुकवाले, आणि मी.

क्लस्टरवर काम थेट सुरू करता येत नाही. किती यंत्रं हवीत, किती तास हवेत, हे एका फाइलमध्ये लिहून अर्ज करायचा. त्यालाच जॉब म्हणतात. मग स्लर्म नावाचा व्यवस्थापक तो रांगेत लावतो. त्याला स्थिती विचारली की तो एक-दोन अक्षरांत उत्तर देतो. पीडी म्हणजे थांबा. पुढे कंसात कारणही लिहितो. 'प्रायॉरिटी' लिहिलं असेल तर तुमच्यापुढे वजनदार मंडळी आहेत. 'रिसोर्सेस' लिहिलं असेल तर नंबर तुमचाच आहे, फक्त जागा नाही. कार्यालयात "साहेब मीटिंगमध्ये आहेत" यापलीकडे काहीच ऐकायला न मिळालेल्या माणसाला एवढं पारदर्शक उत्तर ऐकून गहिवरून येतं.

ही रांग मात्र सरळ चालत नाही आणि त्यावरून आमच्याकडे भांडणं होतात. "मी काल लावला, तिनं आज लावला, तिचा आधी कसा?" याचं उत्तर ज्याला हवं असेल त्यानं आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभं राहावं. गिरणीत दोन चक्क्या आहेत. लग्नघरची ज्वारीची पोती पुढे आहेत आणि त्यांना दोन्ही चक्क्या एकदम हव्यात. एक चक्की रिकामी झाली, पण दुसरीवर अजून अर्धा तास कुणाचं तरी दळण आहे. आता गिरणीवाला काय रिकाम्या चक्कीकडे बघत बसेल? तो मागे नजर टाकतो, पाच किलोचा डबा घेऊन आलेल्या म्हातारीला पुढे बोलावतो आणि अर्ध्या तासाच्या आत तिचं दळून देतो. लग्नघरच्यांचा मिनिटभरही खोळंबा होत नाही आणि म्हातारी भाकरीच्या वेळेला घरी पोहोचते. स्लर्म नेमकं हेच करतो, त्याला बॅकफिल म्हणतात. अट एकच, आपला डबा किती वेळाचा आहे हे म्हातारीनं आधी खरं सांगितलं पाहिजे.

घोडं पेंड खातं ते इथेच. आमच्याकडे खरं कुणी सांगत नाही. जास्तीत जास्त तीन दिवस मागता येतात, म्हणून सगळे तीनच दिवस मागतात. काम चार तासांचं असलं तरी तीन दिवस. कारण मागितलेली वेळ संपली की स्लर्म चालतं काम निर्दयपणे मारतो, आणि त्या भीतीनं माणूस आधीच गच्च मागून ठेवतो. परिणाम असा की स्लर्मला सगळी रांग लग्नघरच्या पोत्यांची दिसते. फटी असतात, पण त्यात मावेल असं कुणी नसतं. सगळे घाबरून जास्त मागतात म्हणून सगळे जास्त थांबतात, आणि जास्त थांबावं लागतं म्हणून पुढच्या वेळी आणखी घाबरतात. रसायनवाल्या एका मित्राला मी म्हटलं, "तुझं मागचं काम पाच तासांत संपलं होतं, सहा माग की." तो म्हणाला, "आणि सहा तास एक मिनिट लागलं तर?" या एका मिनिटावर आमचं सगळं क्लस्टर अडून बसलं आहे.

जॉब एकदाचा सुरू झाला की दुसरं पर्व. पीडीच्या जागी आर येतो आणि माणसाचं वागणं बदलतं. आता तो जॉबकडे बघत बसतो. डब्ल्यूआरएफ प्रत्येक पावलाला एक ओळ लिहितं, अमुक पावलाला इतके सेकंद लागले. त्या ओळी पडद्यावर सरकत राहतात. त्यांत वाचण्यासारखं काही नसतं, तरी उठवत नाही. आमच्याकडे एकजण जेवणाचा डबाही पडद्यासमोरच उघडतो. दुसऱ्यानं दर दोन सेकंदांनी आपोआप स्थिती विचारणारी आज्ञा लावून ठेवली होती, तीही चार खिडक्यांत. अखेर नोटीस लागली, की वारंवार विचारणा करू नये. कारण साधं आहे. जो व्यवस्थापक रांग पुढे सरकवतो तोच उत्तरंही देतो, आणि सगळे "माझा नंबर कधी?" असं सारखं विचारत राहिले तर नंबर लावायला तो रिकामा कधी होणार?

प्रत्यक्ष यंत्रावर डोळा ठेवणाऱ्यांचा वर्ग वेगळा. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या बराच वर गेला की सर्व्हर रूम ही इमारतीतली सगळ्यांत थंड जागा असते. तेव्हा ज्यांनी उभ्या जन्मात एकही जॉब लावलेला नाही, अशा विभागांतले ज्येष्ठ प्राध्यापकही क्लस्टरची पाहणी करायला येतात, दिव्यांची उघडझाप मान डोलावत बघतात आणि घाम वाळल्यावर समाधानानं परततात. आमचे अटेंडर या सगळ्यांना खुर्ची देतात. वाईट बातमी देण्याचं कामही त्यांचंच.

"म्याडम, करंट होग्यादरी."

"यूपीएस आहे ना?"

"अदू होग्यादरी."

वीज गेली, आणि तिच्यामागोमाग यूपीएसही गेलं. अशा वेळी ज्यानं मॉडेलला दर काही तासांनी हिशोब लिहून ठेवायला सांगितलेलं असतं, तो त्या रीस्टार्ट फाइलपासून पुढे निघतो आणि चहा प्यायला जातो. ज्यानं सांगितलेलं नसतं तो रात्रभर डोळ्यांत तेल घालून बघत बसलेला असला, तरी पहिल्या पावलावर परत येतो. सगळी रात्र त्याच्या नजरेसमोर चाललेलं काम त्याच्या नजरेसमोरच मरतं.

असं झालं की मी लुईस फ्राय रिचर्डसनची गोष्ट सांगते. हा इंग्रज गृहस्थ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता आणि फावल्या वेळात हवामानाचा अंदाज हातानं काढत होता. 20 मे 1910 या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांचा. त्याला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर आलं, हवेचा दाब सहा तासांत 145 मिलिबारनं वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाही नव्हता. मध्यंतरी 1917 च्या धुमश्चक्रीत त्याचं हस्तलिखित गहाळ झालं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. रीस्टार्ट फाइल कोळशाखालून काढणारा हा पहिला आणि बहुधा शेवटचा संशोधक.

पण 1922 साली छापलेल्या त्याच पुस्तकात त्यानं एक कल्पना रंगवली आहे. एक प्रचंड गोल सभागृह, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि आपापल्या तुकड्याचं गणित करणारी 64,000 माणसं. मधोमध उंच चौथऱ्यावर एक मुख्य बसलेला. जो भाग इतरांच्या पुढे पळतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो त्याच्यावर निळा. माझ्या मते देखरेखीबद्दल याहून शहाणं कुणी काही लिहिलेलं नाही. हा मुख्य माणूस 64,000 जणांच्या वह्यांत डोकावत नाही. कोण पुढे, कोण मागे, एवढंच बघतो. पुढे 1950 साली एनियाक या संगणकावर पहिला अंदाज निघाला, तेव्हा 24 तासांच्या अंदाजाला जवळपास 24 तासच लागले. म्हणजे अंदाज आणि हवामान हातात हात घालून पोहोचले. आमच्या क्लस्टरपेक्षा ते बरंच म्हणायचं.

तर आता माझी पद्धत. मोठं काम लावण्याआधी त्याचाच तासाभराचा तुकडा चालवायचा. नावाची चूक, न सापडणारी फाइल, भरलेली डिस्क, असली मरणं बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत येतात, तेव्हा तेवढी दहा मिनिटं नीट बघायचं. तुकड्याला लागलेल्या वेळेवरून पुऱ्या कामाचा हिशोब करायचा, त्यात थोडी भर घालायची आणि तेवढेच तास मागायचे. रीस्टार्ट फाइल लावायची. जॉब संपला किंवा मेला तर ईमेल पाठव, असं स्लर्मला सांगायचं. आणि घरी जाऊन झोपायचं. माझ्या जागं राहण्यानं बंगालच्या उपसागरातलं बाष्प लवकर येत नाही.

यंदा अण्णांनी सोयाबीनसाठी फारच धरलं म्हणून फक्त भालकीच्या आसपासचा एक छोटा जॉब लावला, दोनच तास मागून. तीन दिवसवाल्यांची अख्खी रांग पुढे उभी असताना तो संध्याकाळच्या फटीत आत शिरला. रसायनवाला मित्र दुसऱ्या दिवसापर्यंत बोलला नाही. सकाळी लॉगच्या तळाशी ओळ होती, 'सक्सेस कम्प्लीट डब्ल्यूआरएफ'. तिचा अर्थ एवढाच, की यंत्रानं सांगितलेली बेरीज पुरी केली. पाऊस खरा की खोटा याची जबाबदारी ते घेत नाही.

नकाशा उघडला. पाऊस छान पडला होता, पण उदगीरला. नऊ किलोमीटरचे चार-पाच चौकोन उत्तरेला, सीमेपलीकडे. भालकीचा ढग मॉडेलनं सरळ महाराष्ट्राला देऊन टाकला होता. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद अजून मिटलेला नाही, इकडे माझ्या जॉबनं दोन तासांच्या आत, कुणाचीही बाजू न ऐकता निकाल लावला होता. खरा पाऊस तोवर आमच्या शेतावर पडून गेला होता. सोयाबीन मात्र 'वरुणमित्र'च्या कृपेनं आदल्याच दिवशी घरात आलं होतं.

मी अण्णांना फोन करून खरं ते सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "उदगीरला आत्या हाय आपली. तिच्या हिरीला पानी आलं असतं तर वाईट काय व्हतं? बरं ते जाऊ दे. तूर दिवाळीला फुलावर यील. तवाचा पाऊस आत्ताच रांगंत लावून ठिव. आन् तीन दिस मागू नको, दोनच तास माग."