शिट्टी आधी की पाय आधी?

धान निघालं, मंडई झाली, की आंधळगावच्या पंचक्रोशीत कबड्डीच्या पत्रिका फिरू लागतात. पत्रिकेवर उद्घाटक असतो. सहउद्घाटक असतो. दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, सगळे फोटोसकट असतात. आता त्यात वेळाधिकाऱ्याचं नाव शोधा.

नसतं.

आणि सामन्यात भांडण कुणावरून होतं? दीपप्रज्वलकावरून?

मोहाडी तालुक्यातल्या कुठल्याही मैदानावर रात्री उभं राहिलेल्या माणसाला पुढचं दृश्य सांगावं लागत नाही. एका गुणाचा फरक आहे. शेवटचे क्षण. चढाईवाला मध्यरेषेकडे झेपावतो आणि त्याच वेळी टेबलावरून शिट्टी वाजते. नियम स्वच्छ आहे: वेळ संपण्याआधी सुरू झालेली चढाई पुरी होऊ द्यायची. पोरगा दोघांना शिवून परत येतो. टेबल म्हणतं, शिट्टी आधी. रेषेवरचा पंच म्हणतो, पाय आधी. घड्याळ कुणाकडे? टेबलावरच्या एका माणसाच्या मुठीत.

म्हणजे हजार डोळ्यांसमोर चाललेल्या सामन्याचा निकाल फक्त दोन डोळ्यांना दिसतो.

मग मैदान ओरडतं, ‘पंच बिकला!’ बिकलेला नसतो तो. खरं-खोटं पडताळून पाहायला त्याच्या हातात आपण काही दिलेलंच नसतं. पण शिव्या त्याला. खुर्च्याही त्याच्याच अंगावर.

एक काळ असा होता की या खेळाला चढाईपुरतं घड्याळ लागतच नव्हतं. ते चढाईवाल्याच्या छातीत होतं. एका दमात जायचं, एका दमात परतायचं. दम तुटला की बाद. १९३६ साली आपल्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय खेळ दाखवले, तेव्हा युरोपाला याचंच नवल वाटलं असणार. मात्र दम तुटला की नाही हे ठरवायचं कुणी? पंचाच्या कानांनी. ढोल-ताशांच्या गजरात कुणाचा ‘कबड्डी कबड्डी’ कुठे तुटला, हे कोण छातीठोक सांगणार?

म्हणून सेकंद आले. चांगलं झालं.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि ३० सेकंदांची चढाई घरोघरी पोचली. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. त्यामुळे पुढे असलेल्या संघाने रेषेवर नुसतं नाचून वेळ काढायची जुनी खोड मोडली. गावच्या पोरांनी हे सगळं टीव्हीवर पाहून पाठ केलं. गावच्या मंडळांनी नियम उचलले.

नियम टीव्हीतून बाहेर आला. घड्याळ टीव्हीतच राहिलं.

तिसाव्या सेकंदाला बाद व्हायचं असेल तर तिसावा सेकंद पोराला दिसायला नको? मोजणारा मनात मोजतो आणि कुणाचे तीस पंचविसात भरतात, कुणाचे पस्तिसात. यजमान गावाचे कशात भरतात, ते सांगायला हवं का?

‘हे गावाकडचं दुखणं, मोठ्या ठिकाणी असं होत नाही,’ असं कुणाला वाटत असेल तर ७ ऑक्टोबर २०२३ आठवा. हांगझोऊ, आशियाई क्रीडा स्पर्धा, पुरुष कबड्डीची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. याच इराणने २०१८ मध्ये उपांत्य फेरीत आपल्याला हरवून पुढे सुवर्ण नेलं होतं. आपल्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे ही महाराष्ट्राची दोन पोरं. गुणफलक २८-२८. घड्याळात जेमतेम मिनिटभर. पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई.

पवन कुणाला न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला. त्याला रोखायच्या नादात इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत गेले. आता कोण बाद?

जुन्या नियमाने पाहिलं तर तोही बाद, मागे गेलेले तेही बाद. नव्या नियमाने पाहिलं तर पवन एकटा बाद, खेळ तिथेच थांबला. आणि अंतिम सामन्यात कुठला नियम लागू आहे, यावर मैदानातल्या जबाबदार माणसांचं एकमत नव्हतं! निर्णय दिला. फिरवला. पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. जवळपास तासभर सामना थांबला. शेवटी कौल भारताच्या बाजूने गेला आणि आपण ३३-२९ ने जिंकलो.

सुवर्ण मिळालं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. तोच तास आपल्या विरोधात गेला असता तर आज काय म्हणत असतो?

तिथे कॅमेरे कमी होते का? चित्रण पुन्हा पाहायची सोय नव्हती? सगळं होतं. कॅमेरा पाय कुठे पडला ते दाखवतो. कुठलं पुस्तक उघडायचं, ते दाखवत नाही. ते सामन्याआधी ठरवावं लागतं, कागदावर, सह्या घेऊन. एवढं साधं काम आशिया खंडाच्या स्पर्धेत झालं नाही. आंधळगावात ते एका संध्याकाळी होऊ शकतं.

जरा लांब जाऊ. अमेरिकेत खेळतात तो फुटबॉल, हातात धरून पळायचा. आपल्याकडे कोण बघतो? बघू नका. पण त्यांचं नियमपुस्तक जरूर बघा, कारण घड्याळाबाबत इतका संशयी खेळ दुसरा नसेल.

सामना ६० मिनिटांचा. घड्याळ सगळ्यांसमोर. बहुतेक डावपेचांआधी ४० सेकंदांचं दुसरं घड्याळ, तेही सगळ्यांसमोर. शेवटच्या मिनिटात मागे असलेल्या संघाने मुद्दाम चूक करून वेळ थांबवली तर? घड्याळातून दहा सेकंद कापतात. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी लंगडत खाली बसला आणि त्याच्यासाठी खेळ थांबवावा लागला तर? त्याच्या संघाचा एक टाइमआउट जातो. खरंच लागलं असेल तर उपचार होतीलच, पण वेळ फुकट मिळणार नाही.

वेळ चोरली, तर शिक्षाही वेळेतच.

आपल्याकडे काय? आघाडीवरच्या संघातल्या कुणाच्या तरी पायात शेवटच्या दोन मिनिटांत हमखास गोळा येतो. स्प्रे येतो, पाणी येतं, कर्णधार येतो, कर्णधाराचे काका येतात. घड्याळ थांबवलं की चालू आहे, कुणाला ठाऊक? पंचाने हटकलं की ‘माणुसकी नाही का?’ माणुसकी आहे म्हणूनच समोरच्या संघातल्या पोरांचाही विचार करायचा असतो. तीही दिवसभर शेतात राबून आलेली आहेत.

पण अमेरिकेचीही आरती नको. २४ सप्टेंबर २०१२ ला सिएटलमध्ये शेवटच्या क्षणी चेंडू हवेत गेला, दोन संघांचे खेळाडू त्यावर एकत्र पडले आणि शेजारी शेजारी उभ्या दोन पंचांनी एकाच वेळी दोन वेगळ्या खुणा केल्या. एक म्हणाला गुण, दुसरा म्हणाला नाही. सामना १४-१२ असा सिएटलने नेला. हे पंच नेहमीचे नव्हते. का? पगार आणि निवृत्तिवेतनावरून तिथल्या फुटबॉल लीगचं नेहमीच्या पंचांशी वाजलं होतं. त्यांना बाहेर ठेवून बदली पंच उभे केले होते. हा तमाशा देशाने पाहिल्यावर काही दिवसांत तडजोड झाली.

पंचावर पैसे वाचवले, आणि अब्रू गेली.

दुसरी गोष्ट याहून बोलकी. २० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स, उपांत्य लढत. बरोबरी होती, दोन मिनिटंही उरली नव्हती. पास पोचण्याआधीच बचावपटूने समोरच्याला उडवलं. साऱ्या स्टेडियमला दिसलं. पंचाची खूण नाही. चित्रण पुन्हा पाहावं, तर या प्रकारच्या चुकीची फेरतपासणी नियमात बसत नव्हती. यजमान हरले. चूक झाली, हे लीगने पुढे मान्य केलं.

मग रागाच्या भरात नियम बदलला: २०१९ च्या हंगामात तीही तपासा. तपासायला लागले आणि नवाच गोंधळ. किती धक्का म्हणजे धक्का? चित्र तेच, मतं वेगळी. एका हंगामात नियम गुंडाळला.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी केलेले नियम असेच असतात. कुठल्याही गावात.

घरचं उदाहरण हवं? २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेला तो मान्य नव्हता. वाद झाला आणि राक्षेने पंचाला लाथ घातली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने काही सेकंद उरले असताना पंचांच्या निर्णयावर चिडून आखाडा सोडला. गदा मोहोळकडे गेली. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली.

लाथेला माफी नाही. असूही नये.

पण एवढी मोठी कुस्ती, एवढी मोठी गदा, आणि शंका आली तर दाद कुठे मागायची, किती वेळात मागायची, निर्णय कुणाचा अंतिम, हे गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही आधीपासून माहीत असायला नको होतं? वर्षभर माती अंगाला लावणाऱ्या पैलवानाला किमान तेवढं तर द्या.

आपला भंडारा जिल्हा सेकंदांना नवखा नाही. बैलजोड्यांचा शंकरपट इथल्या रक्तात आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात पटशौकिनांनी कायद्याची एकेक ओळ पाठ केली. जिथे पट घड्याळावर धावतो, तिथे धुरकरी सेकंदाच्या अपूर्णांकासाठी हुज्जत घालतो. जोडीसाठी चालते ती काटेकोर नजर पोरांच्या सामन्यात कुठे जाते?

‘पैसे नाहीत’ म्हणाल. कमानीला आहेत. डीजेला आहेत. चार चौकांतल्या फ्लेक्सला आहेत. मैदानाच्या दोन्ही टोकांना दिसेल असं आकड्यांचं घड्याळ आणि वेळ संपताच आपोआप वाजणारा भोंगा, एवढ्यालाच खिसा रिकामा?

‘मोबाइलवर शूटिंग आहे ना’ म्हणाल. आहे. प्रत्येकाकडे आहे. यजमानांच्या समर्थकाने यजमानांच्या बाजूने काढलेलं. ते पाहून निर्णय फिरवायचा, की पाहुण्यांचं पाहून? आधी ठरवलं नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा व्हिडिओ खरा.

तेव्हा या हंगामात पत्रिका छापायला टाकण्याआधी मंडळांनी एक बैठक घ्यावी. कुठल्या वर्षाची नियमावली लागू, ते पत्रिकेतच छापावं. शेवटच्या चढाईत निर्णय भोंग्यावर होणार की शिट्टीवर, ते लिहावं. दाद मागायची मुदत लिहावी. जखमी खेळाडूसाठी घड्याळ किती वेळा थांबेल, ते लिहावं. पंच यजमान गावाचा नसावा. आणि त्याला मानधन सामन्याआधी द्यावं, निकालानंतर नाही.

पत्रिकेवर जागा कमी पडली तर विशेष अतिथींच्या यादीतली दोन नावं गाळा. वेळाधिकाऱ्याचं नाव घाला, फोटोसकट.