पावती आहे, सूट नाही

"ताई, एक सांगते, पण आमच्या ह्यांच्याजवळ बोलू नका जी," असं म्हणत भाभी भिंतीला टेकल्या की समजावं, अर्धा तास गेला. नागपूरच्या जरीपटक्यात त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. त्यांचे आजेसासरे फाळणीनंतर सिंधमधून इथं आले. शेजार इतका जुना, की भाभी आता भांडतात मराठीत आणि सिंधीत फक्त हिशोब करतात.

"काल सीए येऊन गेला. म्हणे मंडळाची पावती चालत नाही! आमचे हे तेव्हापासून तोंड पाडून बसून राहिले."

मंडळ म्हणजे गल्लीतल्या दुकानदारांचा औषधोपचाराचा फंड. महिन्याला हजार रुपये भरायचे, ज्याच्या घरी आजारपण त्याला त्यातून मदत. सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी दोन दिवसांत पैसे घरी आले होते. "कंपनीनं एवढे कागद मागितले असते ताई, की तोवर सासूबाई आपोआप चालायला लागल्या असत्या."

खरं आहे. पण आयकरात वजावट देणाऱ्या कलम ८०डी ला लागतो विमा नियामकानं मंजूर केलेल्या पॉलिसीचा हप्ता. मंडळाची माया आयकर खात्याच्या लेखी मायाच, विमा नव्हे. माझी भाची टेक्सासला घरून स्वतःचं काम करते, ती सांगत होती, तिथंही हाच प्रकार. स्वतंत्र धंदेवाल्याला विम्याच्या हप्त्याची वजावट मिळते, दवाखान्याचा खर्च सभासदांनी वाटून घेण्याच्या योजनेची मिळत नाही. २०२० साली त्यांच्या कर खात्यानं ती वैद्यकीय खर्चात धरायचा मसुदा काढला होता, नियम काही झाला नाही.

"मग दुकानाच्या खर्चात टाकू ना! नोकराच्या पॉलिसीचा हप्ता टाकता येतो म्हणतात."

"येतो, रोख नसला तर. पण मालकाचा स्वतःचा नाही टाकता येत."

"म्हणजे नोकर आजारी पडला तर दुकानाचा खर्च, आणि मालक पडला तर घरचा? वा रे बाप्पा!"

"आणि तुम्ही वह्या ठेवता का?"

"काहून ठेवू? विक्रीवर सहा-आठ टक्के नफा दाखवतो, झालं."

"मग नोकराचाही विसरा. सगळे खर्च त्या टक्क्यांत आले, असंच धरतात."

भाभींनी पदरानं वारा घेतला. मी त्यांना उरलेलं सांगितलं. स्वतः, जोडीदार आणि मुलांच्या पॉलिसीला २५,००० पर्यंत वजावट, आईवडिलांची वेगळी, ते साठीच्या पुढचे असतील तर ५०,०००. त्यांची पॉलिसीच नसेल तर औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही त्याच ५०,००० मध्ये बसतो.

"म्हणजे सासूबाईंचं बिल चालते!"

"रोख दिलं नसेल तर."

भाभी गप्प. मंडळानं नोटा दिल्या होत्या, भाईसाहेबांनी त्याच काउंटरवर मोजल्या होत्या.

तरी मुख्य गोष्ट राहिलीच होती. मी हळूच विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती दाखवता? भाभींनी इकडेतिकडे पाहून नऊ लाख सांगितले. आता मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाला नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य. शून्यातून काय वजा करणार? आणि नव्या पद्धतीत ही ८०डी ची वजावट तशीही नाहीच. ती हवी तर फॉर्म १०-आयईए भरून जुन्या पद्धतीत जायचं. आमच्याकडे ह्यांचा पगार, आम्ही दरवर्षी हवी ती पद्धत घेतो. धंदेवाला एकदा जुनीत जाऊन परत नवीत आला, की धंदा आहे तोवर जुनीचं दार बंद. हा मला सरळ दुजाभाव वाटतो.

"म्हणजे हे वर्षभर पावत्या स्टेपल कशासाठी करून राहिले होते?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मंडळ सोडू नका, एवढं मात्र बजावलं. रात्री दोन वाजता फोन उचलणारी माणसं तिथंच भेटतात. पण त्या फंडात बायपासचा खर्च मावत नाही, त्याला पॉलिसीच लागते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. ही सूट कुठल्या फॉर्मात मागावी लागत नाही, रिटर्न जुन्या पद्धतीचं की नव्या, कुणी विचारत नाही.

भाईसाहेबांनी पॉलिसी अजून घेतलेली नाही. करात काही सुटत नाही तर घ्यायची कशाला, हा त्यांचा मुद्दा. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याला सीएकडे नेऊ नका, एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या बिल काउंटरपाशी दहा मिनिटं उभं करा.