सुलभ टर्बोचालन: ठाणे, कल्याण, डोंबिवली

ही पुस्तिका कोणासाठी?

ज्यांनी नुकतीच टर्बो इंजिनाची चपळ गाडी घेतली आहे, किंवा घ्यायचे ठरवले आहे पण घरी अजून सांगितलेले नाही, अशा ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकरांसाठी. ज्यांच्या घरासमोर मोकळा रस्ता आहे त्यांनी ही वाचू नये. त्यांना शिकवण्यासारखे आमच्याकडे काही नाही.

नवशिक्याचा पहिला गैरसमज असा की अशी गाडी वेगात जाण्यासाठी घेतात. तसे असते तर घोडबंदर रोडवर एकही दिसली नसती. प्रत्यक्षात एमएच ०४ आणि एमएच ०५ च्या पाट्या लावलेल्या अशा गाड्या कासारवडवलीपासून काटई नाक्यापर्यंत रोज दिसतात. बहुतेक वेळा त्या उभ्या असतात आणि आतला माणूस मात्र खुशीत असतो. या खुशीचे शास्त्र सहा धड्यांत समजावून देण्याचा हा प्रयत्न.

धडा पहिला: यंत्राची ओळख

इंजिन पेट्रोल जाळते आणि धूर बाहेर फेकते. त्या धुरात बरीच ताकद शिल्लक असते. ती वाया का घालवायची, हा विचार करून स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंट घेतले. धुराच्या झोतावर एक लहानसे चाक फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येते, म्हणजे जास्त जोर. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून थंड करून घेतात.

सुरुवातीच्या काळात याचा मोठा उपयोग विमानांना झाला. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकते. टर्बोने ती तूट भरून निघते का हे पाहायला अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये अख्खे इंजिन पाइक्स पीकच्या सुमारे ४३०० मीटर उंच माथ्यावर नेले. गायमुखचा घाट इतका उंच नाही. पण एसी चालू, गाडीत पाच माणसे, डिकीत वसईच्या लग्नाचा आहेर आणि पुढे रांगत चाललेला कंटेनर, अशी परीक्षा मॉस साहेबांनी घेतली नव्हती.

आपल्याकडे टर्बो फोफावला त्याला करही कारण आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापुढे गेलात की ४० टक्के. म्हणून कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि त्यात हवा कोंबतात. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनचे इंजिन जेमतेम ९९८ सीसीचे, पण ताकद १२० अश्वशक्तीची. ही माहिती घरी फार उपयोगी पडते. वडिलांनी विचारले तर शांतपणे सांगावे, "बाबा, एक लिटरचंच इंजिन आहे." हे खरे आहे. पुढचे खरे विचारल्याशिवाय सांगू नये.

धडा दुसरा: गाडीची निवड

खरी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारे, दोन सीट आणि जमिनीला टेकलेले पोट. हा हट्ट आपल्या राज्याने करून पाहिला आहे. दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीने २०१२ मध्ये 'अवंती' दाखवली. रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि सुमारे २५० अश्वशक्ती. दिसायला देखणी, पण दोन माणसांची. कल्याणच्या मावशीला भेटायला निघताना गाडीत किती जण बसतात याचा विचार तिच्या आराखड्यात नसावा.

म्हणून रोजच्या वापराला चार दारांची गाडी बघावी, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, १०५ अश्वशक्तीची. रांजणगावहून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्तीची, नाकावर विंचवाची खूण घेऊन. पुंटो गेली, २०२२ मध्ये पोलोही थांबली. पण दोन्हींचे मालक अजून एकमेकांना रस्त्यात ओळख देतात. आता चाकणहून व्हर्टस जीटी येते, दीड लिटर, १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर जोर.

गाडी घरी आली की पुढील वाक्ये ऐकू येतील. उत्तरे तयार ठेवावीत.

आई: "ही बसायची आहे की झोपायची?" (सीटची उंची वाढवून द्यावी.)

बाबा: "एवढ्या पैशांत सात सीटर आली असती." (होकारार्थी मान हलवावी.)

दुसऱ्या मजल्यावरचे काका: "अ‍ॅव्हरेज किती देते?" (विषय पाणीपुरवठ्याकडे वळवावा. ठाण्यात हा उपाय हमखास लागू पडतो.)

धडा तिसरा: पहिले तीन सेकंद

हा पुस्तिकेचा गाभा आहे. घाईत असाल तर बाकीचे धडे सोडून द्या.

बिनटर्बोच्या लहान पेट्रोल इंजिनाचा पुरा जोर मिनिटाला साधारण ४००० फेऱ्यांच्या पुढे मिळतो. कापूरबावडीला ४००० फेऱ्यांपर्यंत इंजिन नेण्याइतका रस्ता कोणाला मिळाला आहे? व्हर्टस जीटीचा जोर मात्र १६०० फेऱ्यांपासूनच पुरा हाताशी असतो. म्हणजे गाडी जेमतेम हलली की ताकद हजर. टर्बो ही महामार्गाची चैन आहे असे जे समजतात त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. हे यंत्र सिग्नलसाठीच बनवले आहे.

कृती:

१. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी उभी आहे. डावीकडे टीएमटीची बस, उजवीकडे पाण्याचा टँकर. सीटबेल्ट लावलेला आहे याची खात्री करा.

२. सिग्नल सुटतो आणि मागचा हॉर्न वाजतो. या दोन घटनांमध्ये अंतर नसते, त्यामुळे ते मोजायला जाऊ नका. झेब्रा क्रॉसिंगवर अजून कोणी चालत असेल तर पुढच्या सर्व पायऱ्या रद्द.

३. अ‍ॅक्सिलरेटर दाबा. काहीच होत नाही. घाबरू नका, याला टर्बो लॅग म्हणतात. धूर वाढायला आणि चाक फिरायला जरा वेळ लागतो. आईने हाक मारल्यावर मूल आधी "आलो" म्हणते आणि मग येते, तसेच.

४. आता गाडी उचलते. पाठ सीटला टेकते. टँकर मागे जातो, बस मागे जाते, समोर थोडीशी रिकामी जागा दिसते आणि ती तुमची असते.

५. ब्रेक. पुढे टेम्पो आहे.

एवढेच. नवशिके इथे विचारतात, यासाठी एवढे पैसे? त्यांनी शाळेतले भौतिकशास्त्र आठवावे. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. ताशी १०० च्या एकसारख्या वेगाने सरळ जाणारा माणूस आणि घरी सोफ्यावर बसलेला माणूस यांच्या पाठीला एकच अनुभव येतो. गंमत वेग वाढण्यात आहे आणि वेग वाढायचा तर आधी तो शून्यावर यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावरच्या चालकाला हे शून्य दिवसातून एकदा मिळते, घरून निघताना. आपल्याला ते माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा असे ओळीने मिळत जाते, तेही फुकट. घोडबंदरला मेट्रो ४ च्या कामाने आणि कल्याण-शीळ रस्त्याला मेट्रो १२ च्या कामाने या साठ्यात भर घातली आहे. लोक बॅरिकेडला नावे ठेवतात. टर्बोमालकाने ठेवू नयेत.

धडा चौथा: जमिनीशी संबंध

अबार्थ पुंटोचे पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटरवर होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. कागदावर तुमची गाडी सुखरूप आहे. पण आपल्या सोसायटीचा गतिरोधक कामाचे उरलेले सिमेंट संपवण्यासाठी गवंड्याने घातलेला असतो, आणि त्याची रुंदी उरलेल्या सिमेंटवर ठरते.

असा गतिरोधक तिरका ओलांडावा, एका वेळी एक चाक. मागच्या सीटवर तिघे असतील तर दोघांना नम्रपणे उतरवावे. गाडी मागे यायला निघालीच आहे असे समजून रिक्षावाले वळसा घालून पुढे जातील, त्यांना जाऊ द्यावे.

खड्ड्यांबाबत एकच नियम. मोठी अ‍ॅलॉय चाके आणि चपटे टायर दिसतात छान, पण टायरची बाजू बुटकी असल्याने धक्का सोसायला रबरच कमी असते. खड्ड्याची कड लागली की बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. चाकाचा आकार एक इंचाने कमी करून टायरची जाडी तेवढी वाढवणे याला कमीपणा मानू नये.

पावसात उजवा पाय हलका ठेवावा. पुढच्या चाकांवर एकदम जोर आला की ओल्या डांबरावर ती जागीच फिरतात. जुलै २०२५ मध्ये पलावाचा नवा पूल निसरड्या पृष्ठभागामुळे उद्घाटनानंतर काही तासांतच बंद करावा लागला होता. टर्बो नसलेल्यांनाही तिथे घसरता आले, हा समतेचा दुर्मीळ क्षण होता.

धडा पाचवा: देखभाल आणि शेजार

तेल: टर्बोचा दांडा इंजिन ऑइलवरच फिरतो. कंपनीने सांगितलेले सिंथेटिक ऑइल वेळेवर बदलावे. किलोमीटर कमी झाले म्हणून पुढे ढकलू नये. शिळफाट्यावर किलोमीटर वाढत नाहीत, इंजिनाचे तास वाढतात.

पंखा: गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा काही वेळ घोंघावत राहतो. गरम इंजिन थंड करण्यासाठी ते आवश्यक असते. वॉचमन इंटरकॉमवर कळवेल, "साहेब, गाडी चालूच राहिली." हे तो बदली होईपर्यंत कळवत राहील.

दसरा: इंटरकूलर बहुधा बंपरच्या खालच्या जाळीमागे असतो. झेंडूचे घसघशीत तोरण बरोबर तिथेच लटकते आणि हवा अडते. पूजेसाठी फडके रोडच्या गणेश मंदिरापर्यंत तोरणासह जायला हरकत नाही. पुढे ते काढून घरच्या दाराला लावावे.

गिअरबॉक्स: ड्राय क्लचच्या दुहेरी क्लच ऑटोमॅटिकला इंचाइंचाने सरकणे आवडत नाही, क्लच तापतो. शास्त्र सांगते की पुढे एका गाडीची जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदम पुढे जावे. डोंबिवली सांगते की त्या जागेत दोन रिक्षा मावतात.

पाणी: तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नये. हवेच्या वाटेने आत गेलेले पाणी दाबले जात नाही, पण इंजिनातले दांडे वाकतात. ढकलण्यासाठी लोक मिळतात, आणि ढकलताना अ‍ॅव्हरेजही विचारतात.

धडा सहावा: रविवारचा अभ्यासदौरा

केव्हातरी खरा मोकळा रस्ता पाहावा, म्हणजे आपल्याकडे काय आहे त्याची किंमत कळते. डोंबिवलीकरांसाठी २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून नाशिक महामार्ग जवळ आला आहे. पुढे भिवंडी तालुक्यातल्या आमणेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू होतो. इगतपुरीपर्यंतचा हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. मोटारींना मर्यादा ताशी १२०.

इथे नवशिक्याची निराशा होते. तो १२० ला पोहोचतो आणि मग काहीच घडत नाही. एका वेगाने सरळ जायला फार ताकद लागत नाही, त्यामुळे व्हर्टस जीटीचे इंजिन चारपैकी दोन सिलिंडर चक्क बंद करून टाकते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा टर्बो बाजूला जवळजवळ रिकामा बसतो. अर्ध्या इंजिनावर इगतपुरी गाठून माणूस विचार करतो, याहून माजिवडा काय वाईट?

त्यापेक्षा कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज गाठावा. प्रत्येक वळणाला वेग उतरतो, प्रत्येक वळणानंतर तो पुन्हा चढतो. निघायचे पहाटे. पावसाळ्यातल्या सुट्टीला जाऊ नये, कारण धबधब्याखाली भिजणारी माणसे रस्त्यावरच असतात आणि घाटात धुकेही असते.

स्वाध्याय

प्र. १. रिकामी जागा भरा. काटई नाक्याजवळ गाडीचे पुढचे चाक खड्ड्यातून निघाले आणि ______ गेले. (पुढे / पुढच्या खड्ड्यात)

प्र. २. चूक की बरोबर ते लिहा. "आपली गाडी जास्त ताकदीची आहे हे मागच्या रिक्षावाल्याला माहीत असते."

प्र. ३. कारणे द्या. दीडशे अश्वशक्तीची गाडी असूनही डोंबिवलीचा टर्बोमालक सोमवारी लोकलने जातो.

प्र. ४. मानपाडा रोडवरून संध्याकाळी एक टर्बो गाडी आणि दहाएक अश्वशक्तीची शेअर रिक्षा एकाच वेळी डोंबिवली स्टेशनकडे निघाल्या. (अ) आधी कोण पोहोचेल? (रिक्षा असे लिहिल्यास गुण नाहीत, ते सर्वांना माहीत आहे.) (ब) उशिरा पोहोचलेला चालक पार्किंग शोधत तिसरी फेरी मारतानाही खुशीत का होता, ते धडा तिसऱ्याच्या आधारे स्पष्ट करा. गाडीचा हप्ता विचारात घेऊ नये. (गुण ५)