बसणाऱ्यांचे माहात्म्य

समूहोपचार १९०५ मध्ये बोस्टनला सुरू झाला म्हणतात. डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांना एकत्र बसवले होते. यवतमाळात आम्हाला बसवावे लागत नाही. कापसाचे चुकारे हाती पडले की आम्ही आपापले बसतो.

नवा गडी आला की पहिला ग्लास मोहाचा, पाण्याशिवाय. तो ठसकतो, डोळे पुसतो आणि आमचा होतो. अरॉन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवले, की लाजिरवाणी परीक्षा देऊन गटात शिरलेल्याला पुढची रटाळ चर्चाही गोड वाटते. आमच्यात बांधाचे तेच भांडण वर्षानुवर्षे चालते, पण अजून कुणी कंटाळलेला नाही.

'आपण' व्हायला 'ते' लागतात. ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी पोरांना क्ली आणि कँडिन्स्की यांच्या चित्रांच्या निमित्ताने दोन गटांत वाटले, तेवढ्यावर पोरे आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. आम्हाला चित्रे लागली नाहीत. वर्ध्यात कित्येक दशके दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. मधली नदी होतीच. पलीकडचे तहानलेले पूल ओलांडून वणीत उतरले, की आपण कोण हे आम्हाला आपोआप कळे. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या बायका बंदीसाठी मोर्चे काढतात. गटाची वीण घट्ट करण्याचे हे काम त्या फुकटात करतात, याची जाण ठेवली पाहिजे.

आमच्यातला एक मात्र फुटला. १९३५ मध्ये ॲक्रनला एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला जाऊ लागला. तिथे तो उभा राहून म्हणतो, "मी दारुडा आहे." ज्या शब्दापासून आम्ही त्याला वीस वर्षे जपले, तोच! आमच्यात दारुडा कुणीच नाही. सगळे कधीमधी घेणारे. बाकी त्यांनी सारे आमचेच उचलले आहे: गोल बसणे, रडगाणे, इथले इथेच ठेवणे. 'फक्त आजचा दिवस' हेसुद्धा. आम्ही पहिल्यापासून म्हणतो, "आजच्या दिवस घे ना बे, उद्यापासून सोडू."

त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे. भिंतीकडे आणखी तीन जागा रिकाम्या आहेत. ते तिघे मात्र शेवटपर्यंत आमचेच राहिले.